टाकीची पातळी: नमुना कोडवरून झालेल्या वादाच्या नोंदी

सोमवार, १० जून २०२४

मुलुंडच्या सोसायटीचं काम आजपासून सुरू. दोन टाक्या आहेत, एक जमिनीखाली आणि एक गच्चीवर. ५ तारखेपासून मुंबईत १० टक्के पाणीकपात चालू आहे आणि सोसायटीत टँकरच्या फेऱ्या वाढल्यात. सेक्रेटरींची मागणी साधी आहे: नळाचं पाणी किती आलं आणि टँकरवाल्याने किती ओतलं, ते फोनवर दिसलं पाहिजे. "मॅडम, तो दहा हजार लिटर म्हणतो आणि आम्ही सही करतो."

सेन्सर तळाशी सोडायचा आहे. डोक्यावरच्या पाण्याचा दाब मोजून तो पातळी सांगतो. बोलतो मॉडबसमध्ये (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत), आरएस-४८५ नावाच्या जोडणीच्या दोन तारांवरून. पुरवठादाराने झिप पाठवली आहे, तिच्यात सी भाषेतल्या नमुना कोडच्या तीन फाइल आणि चार पानांची पीडीएफ. पीडीएफच्या पहिल्याच पानावर ओळ आहे: 'एआरएम लिनक्सवर तपासलेले.' ही ओळ पुढे फार महागात पडणार आहे हे तेव्हा कळलं नव्हतं (हे वाक्य मागाहून घातलंय).

वाटणी अशी: रास्पबेरी पायवरचा (एआरएम चिपचा छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय') भाग ऑफिसातल्या दादाकडे, लॅपटॉपवरचं तपासणीचं टूल माझ्याकडे. ते टूल साइटवर नेऊन थेट सेन्सरला जोडता यायला हवं. दोघांनीही नमुना कोड जसाच्या तसा उचलायचा. इंटर्न दोघांच्या मध्ये.

नोंदी ठेवायचं काम माझं. माझी बाजू जास्त भरली असं वाटलं तर दादाने कंसात लिहावं.

बुधवार, १२ जून

लॅमिंग्टन रोडवरून दोन यूएसबी कन्व्हर्टर आणले. एक चालू, दुसरा परत करायला जावं लागणार.

सेन्सर लॅपटॉपला जोडला, नमुना कोड चालवला. पहिल्याच विनंतीला उत्तर: सीआरसी एरर, म्हणजे बाइट वाटेत बिघडले का ते ताडायचा आकडा जुळला नाही. दहा वेळा विचारलं, दहाही वेळा तेच. दादाने तोच सेन्सर त्याच तारांनी पायला लावला, तर त्याच्याकडे 'एक्सेप्शन २' आला, म्हणजे असा रजिस्टरच (आकडा ठेवायचा क्रमांकाचा कप्पा) नाही असं सेन्सर म्हणतोय.

दादाने दोन मिनिटांत शोधलं. पीडीएफमध्ये पातळीचा रजिस्टर ४०००१ लिहिलाय. मॉडबसचा हा जुनाच घोळ: कागदावर मोजणी एकपासून, तारेवर शून्यापासून. नमुना कोड तारेवर १ पाठवत होता. त्याने ० केलं आणि आकडा आला. मॉडबस १९७९ सालचा. तेव्हापासून किती जणांचा एकेक दिवस या एका आकड्याने खाल्ला असेल.

मीही ० केलं. माझ्याकडेही आकडा आला. विषय संपला असं दोघांना वाटलं.

पण एकाच चुकीला त्याच्याकडे 'एक्सेप्शन' आणि माझ्याकडे 'सीआरसी एरर' का? विचारलं, तर दादा म्हणाला, "तुझा कन्व्हर्टर लॅमिंग्टन रोडचा आहे." पायला लावलेलाही तिथलाच होता, पण मी गप्प बसले.

गुरुवार, १३ जून

गच्चीवर चार इंची पीव्हीसी पाइप उभा केला, खाली टोपण चिकटवून. दोन मीटरच्या जरा आत. तळाशी सेन्सर सोडला. सोसायटीच्या टाकीत प्रयोग करण्यापेक्षा हे बरं. पाणी मगाने ओतायचं. कपातीच्या दिवसांत तेवढंसुद्धा ओतताना वॉचमनने दोनदा विचारलं, "हे काय चाललंय?"

आकडे छान आले. ४० सेंटिमीटर, ८०, ११०. पाणी जरा वर सरकल्यावर सीआरसी एरर, आणि त्यानंतर सगळे एररच. पाणी थोडं काढलं, आकडा परत आला.

शुक्रवार, १४ जून

काढ-घाल करून सीमा सापडली. १२७ सेंटिमीटरला उत्तर येतं. १२८ ला येत नाही.

हा आकडा पाहिला की प्रोग्रामरच्या पोटात गोळा येतो. एका बाइटमध्ये, म्हणजे आठ बिटांत, अधिक-उणे चिन्ह धरलं तर कमाल १२७. पुढचा बिट चिन्हाचा. मी दादाला म्हटलं, कोडमध्ये बग आहे, कुठेतरी बाइट ऋण होतोय.

दादा पायवर बसला. त्याने १२८ वाचलं, १४० वाचलं, १७५ वाचलं. सगळं बरोबर.

"माझ्याकडे चालतंय. कोड तोच आहे. मग बग कोडमध्ये कसा?"

उत्तर द्यायला काही नव्हतं. लोकलमध्ये डोंबिवलीपर्यंत उभ्याने याचाच विचार.

मंगळवार, १८ जून

काल बकरी ईदची सुट्टी.

दिवस तारांमध्ये गेला. दादाचा मुद्दा: वर पाणी वाढलं की केबलला ताण बसतो, एखादा सांधा सैल असेल. ए आणि बी तारा नीट पिळल्या, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक लावले. मग वेग. मॉडबसमध्ये संदेश संपला हे साडेतीन अक्षरांच्या शांततेवरून कळतं; ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) ती साधारण ४ मिलिसेकंद. माझा लॅपटॉप मध्येच तुकडा पाडत असेल, असं त्याचं म्हणणं. वेळ वाढवून पाहिली.

१२७ ला चालतं. १२८ ला नाही.

बुधवार, १९ जून

आज आवाज चढले. थोडक्यात नोंदवते.

दादा: या पुरवठादाराचा कोड मी २०१९ पासून वापरतोय, लॅपटॉपवरसुद्धा, एकदाही त्रास झाला नाही. दुसऱ्याच्या कोडला बग म्हणायच्या आधी स्वतःकडचं तपासावं.

मी: स्वतःकडचं तीन दिवस तपासतेय.

दादा: मग अजून तपास.

इंटर्न पाणी प्यायला गेली आणि पंधरा मिनिटं आलीच नाही.

(दादा: 'मग अजून तपास' असं मी म्हणालो नाही. 'अजून तपासू' म्हणालो.)

गुरुवार, २० जून

कल्पना इंटर्नची, श्रेय तिलाच. ताण, सांधा, खोली हेच कारण असेल तर आकडा कुठल्या एककात आहे याने फरक पडायला नको. सेन्सरला एकक बदलायचा वेगळा रजिस्टर आहे. सेंटिमीटरऐवजी मिलिमीटर केलं.

चार इंची पाइपमध्ये एक लिटरचा मग ओतला की पाणी साधारण पावणेतेरा सेंटिमीटर चढतं. म्हणजे १२७ मिलिमीटर. हा योगायोग आम्ही ठरवून आणलेला नाही, पण असा हाताशी आला की सोडूही नये. पाइप रिकामा केला, आधी अर्धा मग ओतून ठेवला, मग तिघं पाइपभोवती. इंटर्न ओतणार, मी स्क्रीन वाचणार, दादा हाताची घडी घालून.

अर्धा मग: ६४. आलं.
पुढचा मग: एरर.
पुढचा: ३१८. आलं.
पुढचा: एरर.
पुढचा: ५७३. आलं.
पुढचा: एरर.

आठव्या मगाला दादाने घडी सोडली. "अजून एक ओत," म्हणाला. १०८२ आला. पाइपमध्ये मीटरभर पाणी, आणि मगागणिक चालतं-बिघडतं-चालतं. कुठलीही सैल तार मग मोजून सैल होत नाही.

मॉडबस आकडा दोन बाइटमध्ये पाठवतो. खालचा बाइट १२८ च्या खाली असला की चालतं, वर गेला की बिघडतं, २५६ पार करून पुन्हा लहान झाला की पुन्हा चालतं. १२ तारखेचं कोडंही यातच सुटलं: एक्सेप्शनच्या उत्तरात फंक्शन ३ ऐवजी १३१ येतो, वरचा बिट चढवून. माझ्या लॅपटॉपला तो बाइटच पचत नव्हता, म्हणून खरी तक्रार सीआरसीखाली दबली.

शुक्रवार, २१ जून

वटपौर्णिमा. टेस्टिंगच्या ताई अर्ध्या दिवसाने आल्या. बरं झालं, कारण सकाळचं भांडण त्यांनी ऐकलं नाही.

आता दोघांना कोडची तीच ओळ दिसते आहे. आलेले बाइट ठेवायचा बफर 'कॅर' (सी भाषेतला एका बाइटचा प्रकार) प्रकाराचा आहे. (आमच्यात यावरही वाद: मी त्याला चार म्हणते, दादा कॅर. इथे कॅरच लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला आकडा वाटायचा.) सीआरसी काढताना प्रत्येक बाइट सोळा बिटांच्या बेरजेशी एक्सऑर होतो (बिटाशी बिट ताडून, वेगळे असतील तर एक). कॅर चिन्हाचा असेल तर १३० चा होतो उणे १२६, वरचे सगळे बिट एक होऊन येतात आणि सीआरसीचा वरचा अर्धा भाग उलटापालटा होतो.

कॅर चिन्हाचा की बिनचिन्हाचा, हे सी भाषेच्या मानकाने ठरवलेलंच नाही. कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) बनवणाऱ्यावर सोडलंय. इंटेलच्या लॅपटॉपवर जीसीसी हा आमचा कंपायलर चिन्हाचा धरतो, एआरएम लिनक्सवर बिनचिन्हाचा. दादाने यावर चांगलं सांगितलं, ते लिहून ठेवते. सी जिच्यावर वाढली त्या पीडीपी-११ मशीनवर बाइट रजिस्टरमध्ये उचलला की चिन्हासकट पसरायचा. सुरुवातीच्या एआरएमकडे चिन्हासकट बाइट उचलायची सूचनाच नव्हती, ती पुढे आली. म्हणून तिथे बिनचिन्हाचा स्वस्त पडायचा. ज्याला जे स्वस्त ते त्याने घेतलं आणि मानकाने दोघांनाही हो म्हटलं.

"म्हणजे बग नाही," दादा. "पीडीएफवर लिहिलंय, एआरएमवर तपासलेला. एआरएमवर चालतो. इंटेलवर आपण नेला."

इथे मी जवळजवळ हरले होते. तेवढ्यात इंटर्नने तिचा मॅकबुक पुढे केला, एम मालिकेच्या चिपचा, म्हणजे एआरएमच. आम्ही साठवून ठेवलेले उत्तराचे बाइट तिने त्याच कोडला भरवले. सीआरसी एरर.

दादाने स्क्रीन स्वतःकडे वळवली. मग बराच वेळ वाचत बसला. ॲपलने आपल्या एआरएमवर कॅर चिन्हाचाच ठेवलाय. चिप एआरएम, पण करार वेगळा.

"एआरएम *लिनक्स* लिहिलंय," तो शेवटी म्हणाला. पण आवाजात दम नव्हता.

सोमवार, २४ जून

इंटर्नने सीआरसीच्या ओळीत बाइट बिनचिन्हाचा करून घेतला. पाइपमध्ये १३० सेंटिमीटर पाणी. लॅपटॉपवर एरर गेला आणि आकडा आला:

उणे १२६.

टाकीत उणे १२६ सेंटिमीटर पाणी. सगळे हसलो. सेक्रेटरींना दाखवलं असतं तर म्हणाले असते, टँकरवाल्याने उलट उपसून नेलं.

पुढे दोन बाइट जोडून आकडा करायच्या ओळीतही तोच कॅर बसलाय. आधी सीआरसीच अडवत होता म्हणून तिथपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. एक बग दुसऱ्याला दाराआड लपवून उभा होता.

आलेला सीआरसी मात्र कोड मेमकॉपीने (बाइट जसेच्या तसे उतरवून) सरळ सोळा बिटांत उचलतो, म्हणून तो भाग बचावला. मॉडबस सीआरसीचा खालचा बाइट आधी पाठवतं, आपली मशीनंही खालचा बाइट आधी ठेवतात, जमून गेलं. मी याला बग म्हणाले. दादा म्हणाला, उलट्या क्रमाची मशीन या ऑफिसात आण, मग बोलू. यावेळी त्याचं ऐकलं. फाइलमध्ये एक ओळीची टीप घातली आणि सोडून दिलं.

मंगळवार, २५ जून

दादाने घरून जुनी झिप आणली, २०१९ ची. एका गोदामाच्या तापमानाचं काम होतं. उघडून पाहिल्यावर त्याच्या आत्मविश्वासाचं कारण सापडलं.

त्या आवृत्तीत सीआरसी तक्त्याने काढलाय, २५६ खणांचा तक्ता. तक्त्यातला खण शोधताना कोड खालचे आठ बिटच ठेवतो, वरचे पुसतो. चिन्हामुळे आलेला कचरा तिथेच झाडला जातो. त्यामुळे लॅपटॉपवरही सीआरसी बरोबर यायचा. आणि गोदामाचं तापमान तीस-पस्तीस अंश. १२८ ला कधी शिवलंच नाही, म्हणून आकडा जोडायच्या ओळीतला दोष पाच वर्षं झोपून राहिला. नव्या आवृत्तीत कुणीतरी तक्ता काढून बिट-बिट फिरणारं लहान लूप घातलं. जागा वाचली असेल. पुसणारं फडकंही त्याच्याबरोबर गेलं.

म्हणजे १९ तारखेला दादा खरं बोलत होता. त्याने खरंच लॅपटॉपवर चालवला होता. तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हे नोंदव." नोंदवलं.

बुधवार, २६ जून

पुरवठादाराशी फोन, चाळीस मिनिटं. पलीकडे सेल्सचे एक गृहस्थ आणि एक इंजिनिअर. इंजिनिअर सज्जन माणूस. त्याचं म्हणणं: नमुना कोड फक्त संदर्भासाठी, उत्पादनात वापरू नये, त्यांची स्वतःची चाचणी पास होते.

चाचणी कोणती ते विचारलं. '१२३४५६७८९' ही अक्षरं भरवायची, सीआरसी ४बी३७ यायला हवा. येतो, माझ्या लॅपटॉपवरसुद्धा येतो! यायचाच. अंकांची अक्षरं ४९ ते ५७ मध्ये बसतात, १२८ च्या आसपास एकही नाही. विनंतीचे बाइटही आपल्याकडे सगळे लहान, म्हणून जाणारी बाजूही कधी चुकली नाही. सगळ्या जगाला माहीत असलेली, अगदी बरोबर चाचणी, आणि या बगच्या शेजारून शिट्टी वाजवत निघून जाते.

मी म्हटलं, चाचणीत एक मोठा बाइट घाला. इंजिनिअर म्हणाला, लिहून पाठवा. सेल्सचे गृहस्थ म्हणाले, "पण मॅडम, तुमचं काम तर आता झालंच ना?"

शुक्रवार, २८ जून

दुरुस्ती कशी करायची यावर नवा वाद. हा मला आवडला, कारण दोघांकडे मुद्दे होते.

दादा: जीसीसीला एक पर्याय द्यायचा की कॅर बिनचिन्हाचा धर. एक शब्द, पुरवठादाराच्या फाइलला हात नाही. उद्या त्यांची नवी आवृत्ती आली तर सरळ टाकता येईल.

मी: तो शब्द मेकफाइलमध्ये (कोड बांधायच्या सूचनांची फाइल) राहणार, कोडमध्ये नाही. वर्षभराने कुणी फक्त ती सी फाइल उचलून दुसरीकडे नेली की पुन्हा उणे १२६. प्रकारच बदलायचा, अनसाइन्ड, आठ बिट.

टेस्टिंगच्या ताईंनी तोड काढली. प्रकार कोडमध्येच बदला. आणि चाचणी दोनदा बांधा, एकदा कॅर चिन्हाचा धरून, एकदा बिनचिन्हाचा. दोन्हीकडे तेच उत्तर आलं तरच पास. चाचणीत एक्सेप्शनचं उत्तर, १२७, १२८, २५५ आणि २५६ हे आकडे हवेतच.

अकरा ठिकाणी कॅर बदलला. फाइलच्या डोक्यावर कारण लिहिलं. दादाने तपासून मंजूर केलं, शेरा एकच: 'ठीक.' त्याच्या मापाने ही स्तुती आहे.

गुरुवार, ४ जुलै

दुपारी तीननंतर ऑफिस रिकामं. विश्वचषक घेऊन टीम मरीन ड्राइव्हवर येणार म्हणून इंटर्न आणि निम्मा मजला चर्चगेटला. मी पुरवठादाराला पत्र लिहिलं: बाइट, अपेक्षित उत्तर, मिळालेलं उत्तर, तीन मशीनवर. 'बग' शब्द दादाच्या सांगण्यावरून काढला, 'चिन्हाबाबतचं गृहीतक' लिहिलं. म्हणाला, बग लिहिलं की माणूस बचावाला उभा राहतो. स्वतःच्या अनुभवावरून बोलत होता, पण मी तसं म्हटलं नाही.

सोमवार, ८ जुलै

पहाटेपासून धो धो. काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटरच्या वर. रेल्वे कोलमडली, घरूनच काम. साइट भेट पुढे.

बुधवार, १० जुलै

मुलुंड. पाय गच्चीखाली बसवला, पण गाडी अडली ती जमिनीखालच्या टाकीवर, माझ्या टूलने तपासायचं म्हणून. लॅपटॉप टाकीच्या झाकणावर, वर छत्री, छत्री धरायला दादा.

पंप चालवणारे काका शांतपणे बघत होते. त्यांच्याकडे बांबू आहे, फुटाफुटाला ऑइलपेंटचे लाल पट्टे ओढलेला. वीस वर्षं त्यानेच मोजतात. मी म्हटलं, काका, आधी तुम्ही मोजा.

त्यांनी बांबू सोडला, वर ओढला, ओल्या खुणेवर अंगठा ठेवला. "सव्वाचार फूट."

मी टूल चालवलं. १३०.

दादाने छत्री खांद्यावर टेकवून फोनवर हिशेब केला. सव्वाचार फूट म्हणजे साडेएकशेएकोणतीस सेंटिमीटर.

"अर्धा सेंटिमीटर कुणाचा चुकला?" त्याने विचारलं.

काका म्हणाले, "तुमचा."

शुक्रवार, १२ जुलै

पुरवठादाराची नवी झिप आली. सी फाइलमध्ये कॅर तसाच. मेकफाइलमध्ये तो एक पर्याय वाढवलाय, आणि पीडीएफच्या पहिल्या पानावर एआरएम लिनक्सच्या जागी नुसतं 'लिनक्स'. चाचणी अजून '१२३४५६७८९' चीच.

दादाने मला झिप पुढे पाठवली. सोबत एक शब्दही नाही, फक्त हात जोडल्याचं चित्र. आमची फाइल आमच्याकडे राहील, त्यांची टाकायची नाही असं ठरलं.

(दादा: ठरलं.)